कप्पदुकियातील रिकामी देवळे

पेन्टेकॉस्टच्या सणाला पहिले वाचन करणाऱ्याची जीभ एका जागी हमखास अडखळते. पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या दिवशी यरुशलेमेत कोणकोणत्या देशांचे लोक जमले होते, त्यांची ती यादी आहे. रोम, मिसर, अरबस्तान ही नावे ओळखीची असतात. ‘कप्पदुकिया’ हे नाव मात्र बहुतेकांना वर्षातून एकदाच भेटते. संत पेत्राने आपले पहिले पत्र ज्या विखुरलेल्या श्रद्धावंतांना उद्देशून लिहिले, त्यांच्यातही कप्पदुकियाचे लोक आहेत. म्हणजे प्रभूच्या पुनरुत्थानानंतर थोड्याच दशकांत तेथे ख्रिस्तसभेचे बीज रुजले होते. ते पुढे सुमारे १९ शतके वाढत, वाकत, तग धरीत राहिले. आणि १९२४ साली, एका वर्षाच्या आतबाहेर, त्या भूमीतून ते उपटले गेले.

हा प्रदेश आज तुर्कस्तानच्या मध्यभागी, अनातोलियाच्या उंच पठारावर आहे. नेव्शेहिर, अक्सराय, निगदे आणि कायसेरी ही तेथील मोठी शहरे. त्यांपैकी कायसेरी म्हणजेच जुने कैसरिया. प्रवासी कंपन्यांच्या रंगीत पत्रकांतून ह्या भूमीचे छायाचित्र आता आपल्या घरोघरी पोहोचले आहे : पहाटेच्या आकाशात तरंगणारे गरम हवेचे शेकडो फुगे, आणि खाली फिकट गुलाबी, पिवळसर, पांढुरक्या सुळक्यांचे रान. चंद्रावरची भूमी, परग्रहावरचा देखावा अशी विशेषणे तिला सर्रास लावली जातात. संत पौलाच्या पाऊलखुणा शोधीत तुर्कस्तानात जाणाऱ्या यात्रेकरूंच्या कार्यक्रमातही एखाददुसरा दिवस तिच्यासाठी राखून ठेवलेला असतो, आणि तो बहुधा फुग्यात बसण्यात सरतो. फुग्याविषयी आमची काही तक्रार नाही. वरून दिसणारे दृश्य अपूर्व असते ह्यात शंका नाही. परंतु ‘परग्रह’ हा शब्द आम्हास खटकतो. ही भूमी कोणाचे तरी घर होती. तिच्या पोटात चुली पेटत होत्या, द्राक्षे तुडवली जात होती आणि मिस्साबलिदान होत होते.

प्रथम ह्या खडकाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण पुढचा सारा इतिहास त्याच्या मऊपणावर उभा आहे. सुमारे एक कोटी वर्षांपूर्वीपासून ह्या पठारावर ज्वालामुखींचे उद्रेक होत आले. तेथे आज जे दोन पर्वत नजरेत भरतात, ३,९०० मीटरांहून उंच असा अर्जियेस आणि त्याच्यापेक्षा काहीसा ठेंगणा हसन दाग, त्यांनाच स्थानिक वाटाडे सर्व श्रेय देतात. भूशास्त्रज्ञांचे म्हणणे निराळे आहे. राखेचे बहुतेक थर ह्या दोन शिखरांहून जुन्या, पुढे खचून सपाट झालेल्या ज्वालामुखींतून आले. ही राख थरावर थर बसून दबली आणि तिचा ‘टफ’ नावाचा हलका, ठिसूळ दगड झाला. कोठे कोठे त्यावर कठीण लाव्ह्याची टोपी बसली. पावसाने, वाऱ्याने आणि हिवाळ्यातील बर्फाने मऊ दगड झिजवला. टोपीखालचा तेवढा तगला. अशा रीतीने डोक्यावर काळा धोंडा घेतलेले ते उंच शंकू तयार झाले. तुर्की भाषेत त्यांना ‘पऱ्यांची धुराडी’ असे गोड नाव आहे.

अर्जियेसचे जुने नाव आर्गेयस. ख्रिस्तकाळाच्या आगेमागे होऊन गेलेला भूगोलकार स्त्राबो लिहितो की त्याच्या शिखरावरील बर्फ कधी वितळत नाही, आणि निरभ्र दिवशी तेथे चढणाऱ्यास उत्तरेचा व दक्षिणेचा असे दोन्ही समुद्र दिसतात असे म्हणतात. मात्र चढणारे फार थोडे, अशी पुस्तीही तो जोडतो.

आपल्या सह्याद्रीतील लेणी काळ्या फत्तरात कोरलेली आहेत. अजिंठा, वेरूळ, कान्हेरी येथील पाथरवटांनी एकेका स्तंभापायी किती छिन्न्या झिजवल्या असतील ह्याचा हिशेब करवत नाही. कप्पदुकियात मात्र साधा टिकाव हाती घेतलेल्या शेतकऱ्यालाही आपल्या संसारापुरती खोली खोदून काढता येई. नुकता कापलेला टफ मऊ असतो. हवा लागली की त्याचा पृष्ठभाग हळूहळू टणक होतो. लाकूड महाग, हिवाळा कडक आणि उन्हाळा भाजून काढणारा, अशा मुलखात खडकातले घर ही सोयीची गोष्ट होती. म्हणून लोकांनी घरे कोरली. मग गोठे, धान्याची कोठारे, द्राक्षरस काढण्याचे हौद आणि कबुतरांसाठी खुराडी कोरली. कबुतरांची विष्ठा हे तेथील द्राक्षमळ्यांचे खत. झेल्वे नावाच्या गावी तर १९५२ पर्यंत लोक खडकातच राहत होते. कडे कोसळू लागले तेव्हा सरकारने त्यांना जवळच नवे गाव वसवून दिले.

जमिनीच्या वर जे कोरले त्याहून आश्चर्याचे ते जमिनीखाली आहे. देरिनकुयू ह्या गावाच्या नावाचा अर्थ ‘खोल विहीर’. त्याच्याखाली सुमारे ८५ मीटर खोलीपर्यंत मजल्यामागून मजले गेलेले आहेत. गोठे वरच्या मजल्यावर, त्याखाली राहण्याच्या खोल्या, कोठारे, देऊळ. आणि ह्या सर्वांना हवा पुरवणारे उभे झरोके, ज्यांतले काही तळाशी पाण्यापर्यंत पोहोचतात. अरुंद बोगद्यांच्या तोंडाशी जात्याच्या तळीसारखे प्रचंड वाटोळे दगड खाचेत उभे करून ठेवलेले आहेत. ते आतूनच लोटता येत. बाहेरच्याला हलवता येत नसत. येथे २०,००० माणसे राहू शकत असे वाटाडे सांगतात. ह्या आकड्यावर आमचा फारसा विश्वास नाही, आणि तेथे कोणी वर्षानुवर्षे राहत असेल असेही वाटत नाही. हा संकटकाळचा आसरा होता. सातव्या शतकापासून दहाव्यापर्यंत अरबांच्या स्वाऱ्या जवळजवळ दर उन्हाळ्याला ह्या सरहद्दीवर येत, तेव्हा त्याचा विशेष उपयोग झाला असला पाहिजे. ग्रीक इतिहासकार झेनोफनने इसवी सनापूर्वी ४०० च्या सुमारास भूमिगत घरांचे वर्णन केले आहे, ते पुष्कळदा ह्या नगरांचेच म्हणून दिले जाते. वस्तुतः ते वर्णन त्याने आर्मेनियाच्या डोंगराळ भागातील खेड्यांत असताना केलेले आहे.

ह्या भुयारांविषयी एक गोष्ट आम्हास फार बोलकी वाटते. १९६३ साली देरिनकुयूत एका घराच्या दुरुस्तीत भिंत फोडली असता हे नगर ‘सापडले’ असे सर्वत्र लिहिलेले आढळते. १९६९ पासून ते प्रवाशांसाठी खुले झाले. परंतु त्याआधी अर्धशतक, इंग्रज भाषाशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्स ह्याच टापूत ग्रीक बोलीचा अभ्यास करीत हिंडला होता. त्याच्या १९१६ साली छापलेल्या ग्रंथात नोंद आहे की १९०९ मध्ये अदाना शहरातील ख्रिस्ती लोकांच्या कत्तलीची बातमी आली, तेव्हा जवळच्या आक्सो गावचे बरेचसे लोक भुयारांत उतरले आणि काही रात्री वर झोपायला आले नाहीत. म्हणजे १९०९ साली गावकऱ्यांना भुयारे चांगलीच ठाऊक होती. १९६३ साली ती ‘सापडावी’ लागली, कारण ती ठाऊक असलेली माणसे मधल्या काळात तेथे उरली नव्हती.

आता ह्या भूमीच्या संतांकडे वळू. चौथ्या शतकात कप्पदुकियाने ख्रिस्तसभेला तीन थोर आचार्य दिले : कैसरियाचे महागुरू संत बेसिल, त्यांचे धाकटे बंधू निस्साचे संत ग्रेगरी, आणि त्या दोघांचे मित्र नाझियान्झसचे संत ग्रेगरी. रविवारच्या मिस्सात आपण जे श्रद्धासूत्र म्हणतो, त्यातील पवित्र आत्म्याविषयीचा भाग ३८१ सालच्या कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मसभेशी जोडलेला आहे. त्या सभेचे अध्यक्षस्थान काही काळ नाझियान्झसच्या ग्रेगरींकडे होते, आणि निस्साचे ग्रेगरी तेथे हजर होते. बेसिल मात्र ३७९ च्या प्रारंभीच निवर्तले होते. पवित्र आत्म्यावरील त्यांच्या ग्रंथाने वाट आधीच मोकळी केली होती.

वाटाडे सांगतात की बेसिलने ह्या सुळक्यांत मठ स्थापन केले व आज दिसणारी देवळे त्याच्या शिष्यांची आहेत. गोष्ट मनोहर आहे, पण खरी नाही. बेसिलचा एकांतवास उत्तरेस पंत प्रांतात, इरिस नदीच्या काठी होता. कैसरियात त्यांनी जे उभारले ते खडकात नव्हते; ते शहराच्या वेशीबाहेर, रस्त्यालगत होते. ३६८-६९ मध्ये तेथे भीषण दुष्काळ पडला. समुद्र दूर, त्यामुळे गलबतांनी धान्य आणण्याची सोय नव्हती. ज्यांच्याकडे कोठारे होती ते भाव चढण्याची वाट पाहत बसले. बेसिल तेव्हा महागुरू झालेले नव्हते, साधे धर्मगुरू होते. त्यांनी कोठारवाल्यांसमोर जी प्रवचने केली ती आजही वाचताना अंगावर काटा येतो. एक बाप आपल्या मुलांपैकी कोणाला विकून बाकीच्यांना जगवावे ह्या विचारात उभा आहे, असे चित्र त्यांतील एकात आहे. पुढे महागुरू झाल्यावर त्यांनी आजारी, निराधार, परदेशी वाटसरू आणि कुष्ठरोगी ह्यांच्यासाठी एवढी मोठी वसाहत उभारली की लोक तिला ‘बेसिलियास’ म्हणू लागले, आणि त्यांच्या मित्राने मृत्युलेखात तिला नवे नगरच म्हटले. रुग्णालयाचा इतिहास लिहिणारे कोणीही तिला टाळून पुढे जाऊ शकत नाहीत. तिचा आज मागमूस नाही. सुळके राहिले, हे नगर राहिले नाही; आणि प्रवासी सुळके पाहून परततात.

ह्या घराण्यातील थोरली बहीण संत मॅक्रिना हिला आपल्याकडे फारसे कोणी ओळखत नाही, ही खेदाची बाब आहे. बेसिल विद्वत्तेचा ताठा घेऊन अथेन्सहून परतले, तेव्हा त्यांना जमिनीवर आणले ते तिने. घरातील दासींबरोबर एकाच पंगतीला बसून, त्यांच्यासारखेच काम करून राहायचे, असे तिने आपल्या आईचे मन वळवले. ३७९ मध्ये ती फळीच्या बिछान्यावर मरणोन्मुख असताना निस्साचे ग्रेगरी तिला भेटले. त्या भेटीचे त्यांनी लिहिलेले चरित्र हा त्या काळातील फार हृद्य ग्रंथ आहे. ह्याच ग्रेगरींनी एका प्रवचनात गुलामगिरीवर असा हल्ला केला की प्राचीन काळात त्याला जोड सापडणे कठीण.

नाझियान्झसच्या ग्रेगरींची कथा अधिक मानवी आहे. बेसिलने सम्राटाच्या डावपेचांना तोंड देण्यासाठी नवे धर्मप्रांत निर्माण केले आणि आपल्या ह्या कवी मित्राला सासिमा नावाच्या आडगावचे महागुरू नेमले. ते गाव म्हणजे तीन रस्ते मिळणारा एक धुळकट थांबा. धूळ, गाड्यांची खडखड आणि जकातदार. ग्रेगरींनी मित्राला हे कधीच पुरते क्षमा केले नाही. त्यांनी त्यावर कवितेत कडवट तक्रार करून ठेवली आहे. दोघेही संत झाले, आणि आपल्या पंचांगात २ जानेवारी ह्या एकाच दिवशी त्यांचा सण येतो.

यात्रेविषयीच्या ह्या लेखात निस्साच्या ग्रेगरींच्या एका पत्राचा उल्लेख करणे भाग आहे. ते स्वतः यरुशलेमेस जाऊन आले होते, तरी त्यांनी लिहिले की देव भेटण्यासाठी तेथे जाण्याची गरज नाही, आणि प्रवासात शीलाला धोके फार. शिवाय दृश्य खुणांवरूनच देवाचे वास्तव्य ठरवायचे असेल, तर कप्पदुकियात जितक्या वेद्या आहेत तितक्या दुसरीकडे क्वचितच असतील, असे त्यांनी काहीशा अभिमानाने म्हटले आहे. त्यांच्या काळच्या त्या वेद्या बहुतेक नष्ट झाल्या. आज आपण जी शैलदेवळे पाहतो, त्यांतील बहुसंख्य नवव्या ते अकराव्या शतकातील आहेत, म्हणजे ग्रेगरींनंतर पाचशे वर्षांनी व अधिक काळाने कोरलेली.

गोरेमे येथील तोकाली देऊळ त्यांत सर्वांत मोठे. त्याच्या जुन्या भागात प्रभूचे जीवन पट्ट्यापट्ट्यांनी, जणू गोष्ट सांगावी तसे, रंगवलेले आहे. दहाव्या शतकात त्याच्या मागची भिंत फोडून नवे, प्रशस्त देऊळ कोरले गेले. त्यात संत बेसिलच्या चरित्रातील प्रसंगही आहेत. तेथील निळा रंग पाहणाऱ्यास विसरता येत नाही. तो लाजवर्दाचा आहे. आणि त्या काळी लाजवर्द येई तो अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतून. अजिंठ्याच्या भिंतींवरही लाजवर्द वापरलेला आढळला आहे. जवळच ‘काळोखी देऊळ’ आहे. त्याला एका लहानशा गवाक्षातून तेवढा उजेड मिळतो, आणि त्यामुळेच अकराव्या शतकातील त्याचे रंग ताजे राहिले. काही देवळांची राखण कबुतरांनी केली. भाविक गेल्यावर शेतकऱ्यांनी दारे चिणून तेथे खुराडी केली. घाण साचली, पण ऊन, वारा आणि खोडसाळ हात आत आले नाहीत. चावुशिन गावच्या एका देवळाला तर ‘कबुतरखाना’ हेच नाव पडले आहे. त्याच्या भिंतीवर दहाव्या शतकातील सम्राट निकेफोरस फोकास सहकुटुंब उभा आहे. तो कप्पदुकियातीलच एका सरदार घराण्यातला. जी चित्रे हाताला लागण्याइतकी खाली होती, त्यांतील संतांचे डोळे मात्र जागोजागी खरवडलेले दिसतात.

युरोपला ह्या प्रदेशाची वार्ता प्रथम पोहोचवली ती फ्रेंच प्रवासी पॉल ल्युका ह्याने. त्याने १७१२ साली छापलेले वर्णन लोकांना थापा वाटल्या. ह्या देवळांचा पहिला कसून अभ्यास करण्याचा मान मात्र एका येशूसंघीय धर्मगुरूकडे जातो. फादर गियोम द जेर्फानियाँ हे फ्रेंच जेज्वीट तोकात येथे शिक्षक होते. १९०७ साली ते प्रथम ह्या दऱ्यांत आले, आणि पुढच्या काही वर्षांत पुन्हा येऊन त्यांनी देवळामागून देऊळ मोजले, चित्रित केले, शिलालेख उतरवून घेतले. त्यांच्या ग्रंथाचे खंड १९२५ ते १९४२ ह्या काळात प्रसिद्ध झाले. आज पडझडीत गेलेल्या कित्येक चित्रांची आठवण केवळ त्यांच्या नोंदींत उरली आहे. त्यांचे एक मत मात्र आता टिकत नाही. हा सारा मुलूख म्हणजे मठवाशांचे रान, अशी त्यांची समजूत होती. अमेरिकन संशोधक रॉबर्ट ओस्टरहाऊट व इतरांनी दाखवून दिले आहे की मठ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अनेक वास्तू सरदारांचे वाडे होते आणि त्यांच्याभोवती साध्या शेतकऱ्यांची गावे होती. आम्हास हे वाचून आनंद झाला. दीक्षित व्रतस्थांविषयी आदर आहेच. पण नांगर हाकणाऱ्या, लेकरे वाढवणाऱ्या माणसांनी आपल्या गावासाठी देऊळ कोरावे, ही गोष्ट आपल्या धर्मग्रामांच्या अधिक जवळची आहे.

१०७१ नंतर ह्या भूमीवर सेल्जुक तुर्कांचे आणि पुढे उस्मानी सुलतानांचे राज्य आले. ख्रिस्ती लोक कमी होत गेले, पण संपले नाहीत. कोठे त्यांनी आपली ग्रीक बोली राखली. कोठे ते तुर्की बोलू लागले आणि केवळ श्रद्धा राखली. हे दुसऱ्या प्रकारचे लोक तुर्की भाषा ग्रीक लिपीत लिहीत. त्यांची प्रार्थनापुस्तके, कवने, वृत्तपत्रे अशीच छापली जात. मराठी ख्रिस्ती वाचकास ह्याचे नवल वाटू नये. फादर थॉमस स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले ते रोमन लिपीत, आणि गोव्याच्या ख्रिस्ती समाजाची कोकणी आजही बरीचशी रोमन लिपीत लिहिली जाते. शेजाऱ्याची भाषा, प्रार्थनेची लिपी : हे मिश्रण जगात अनेक ठिकाणी शांतपणे नांदले आहे.

लोझानच्या मुत्सद्द्यांना अशा मिश्रणाचे काय करावे ते कळले नाही. पहिल्या महायुद्धानंतर ग्रीस व तुर्कस्तान ह्यांच्यात युद्ध पेटले; ग्रीसचा पराभव झाला; आणि ३० जानेवारी १९२३ रोजी दोन्ही देशांनी लोकसंख्येच्या अदलाबदलीचा करार केला. कसोटी भाषेची नव्हती, धर्माची होती. तुर्कस्तानातील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती तो ग्रीक, ग्रीसमधील मुसलमान तो तुर्क. सुमारे १२ लाख ख्रिस्ती लोकांना ह्या उलथापालथीत ग्रीसला जावे लागले, आणि साडेतीन लाखांहून अधिक मुसलमानांना तुर्कस्तानात. कप्पदुकियात लढाई झालेली नव्हती. तेथील लोक आपापल्या घरी होते, शेजाऱ्यांशी त्यांचे व्यवहार चालू होते. त्यांना बहुतांशी १९२४ मध्ये निघावे लागले. ज्यांना ग्रीक भाषेचा एक शब्द येत नव्हता असे हजारो लोक ग्रीसच्या बंदरांत उतरले, तेव्हा तेथील लोकांनी त्यांना ‘तुर्कांची पोरे’ म्हणून हिणवले. आणि सिनासोस ह्या सुखवस्तू ख्रिस्ती गावात ग्रीसमधून हाकललेले मुसलमान येऊन राहिले. त्यांचेही घर मागे राहिले होते. फादर जेर्फानियाँच्या ग्रंथाचा पहिला खंड १९२५ साली वाचकांच्या हाती पडला, तेव्हा त्या टापूतील ज्या गावांत त्यांनी ख्रिस्ती लोक पाहिले होते, ती रिकामी झाली होती.

जाताना त्यांनी काय नेले? संतांच्या अस्थी नेल्या. उर्गुपच्या लोकांनी, १७३० साली तेथे गुलामगिरीत मरण पावलेल्या संत जॉन ह्या रशियन सैनिकाचे शव एव्हिया बेटावर नेले आणि तेथल्या नव्या गावाला आपल्या जुन्या गावाचे नाव दिले. गेल्वेरीच्या लोकांनी आपल्या संत ग्रेगरींचे अवशेष उत्तर ग्रीसमध्ये नेले. कावाला शहराजवळचे त्यांचे गाव ‘नवे कार्वाली’ म्हणून ओळखले जाते. गेल्वेरीतील ग्रेगरींचे देऊळ आता मशीद आहे. ह्याच संतांच्या रोम येथे जतन केलेल्या अस्थींचा भाग पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी नोव्हेंबर २००४ मध्ये कॉन्स्टँटिनोपलचे कुलगुरू बार्थोलोम्यू ह्यांच्या स्वाधीन केला. पुढे ह्या कुलगुरूंनी कप्पदुकियातील जुन्या देवळांत अनेक वेळा मिस्साविधी केला आहे. बोलीचे नशीबही असेच चमत्कारिक. डॉकिन्सने अभ्यासलेली कप्पदुकियाची ग्रीक बोली १९६० नंतर मृत समजली जात होती. २००५ साली दोघा भाषाशास्त्रज्ञांना ग्रीसमध्ये ती घरात बोलणारी माणसे भेटली.

वसईच्या किल्ल्यात हिंडताना छप्पर नसलेली आपली जुनी देवळे आपण पाहतो. १७३९ साली किल्ला पडला, फिरंगी निघून गेले, किल्ल्यातील चर्चे ओस पडून ढासळली. पण किल्ल्याबाहेर भातशेती आणि केळीच्या बागांत राबणारे ख्रिस्ती लोक जेथल्या तेथे राहिले, आणि त्यांचे वंशज आज हा अंक वाचत आहेत. बोरिवलीच्या मंडपेश्वरी फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी सोळाव्या शतकात शैव लेण्याचे देऊळ केले होते, तेही गेले. कप्पदुकियात नेमके उलट झाले. तेथे देवळे उभी आहेत, कित्येकांतले रंगही शाबूत आहेत, माणसे नाहीत. ह्या दोहोंपैकी कोणते नुकसान मोठे, ह्याविषयी आमच्या मनात संदेह नाही.

गोरेमे व परिसर १९८५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. १९८६ साली तेथे राष्ट्रीय उद्यान घोषित झाले होते. २०१९ मध्ये तो दर्जा काढून तुर्की सरकारने ह्या प्रदेशासाठी वेगळा कायदा केला. हॉटेलांची गर्दी वाढते आहे, आणि निसर्ग ज्या हाताने सुळके घडवतो त्याच हाताने ते मोडतोही. देवळांच्या दर्शनी भिंती कोसळून आतली चित्रे उघड्यावर पडलेली अनेक ठिकाणी दिसतात. इस्तंबूलहून कायसेरी किंवा नेव्शेहिर येथे विमानाने जाता येते. वसंत आणि शरद हे तेथील चांगले ऋतू.

गोरेमे पाहून झाल्यावर ज्यांच्या हाताशी आणखी एक दिवस असेल त्यांनी इहलारा दरीत जावे, असे आम्ही सुचवू. मेलेंदीझ ओढ्याने कापलेली ही खोल घळ आहे; काठाने झाडी आहे आणि दोन्ही कड्यांत देवळे कोरलेली आहेत. बेलिसिर्मा गावाजवळ, कड्यावर, संत जॉर्जचे एक लहान देऊळ लागते. तेराव्या शतकाच्या अखेरीस, सेल्जुक सुलतानांच्या अमलात, ते थामार नावाच्या एका स्त्रीने आणि बेसिल गियागुपेस नावाच्या अधिकाऱ्याने रंगवून घेतले. भिंतीवर मध्यभागी संत जॉर्ज आहे. एका बाजूला थामार त्याला देवळाची लहान प्रतिकृती अर्पण करीत आहे. दुसऱ्या बाजूला बेसिल उभा आहे, आणि हा ख्रिस्ती दाता तुर्की दरबाराच्या रिवाजाप्रमाणे डोक्याला फेटा व अंगात कफ्तान घालून आला आहे. शेजारच्या लेखात काळ नोंदवताना दोन राज्यकर्त्यांची नावे आदराने घेतलेली आहेत : कॉन्स्टँटिनोपलचा ख्रिस्ती सम्राट आंद्रोनिकस, आणि सुलतान मसूद.